दवाखान्याचा विमा : आधी तारीख पाहा, मग रक्कम

दंतवैद्यांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : पॉलिसी किती लाखांची घेऊ? रक्कम महत्त्वाची आहेच. पण क्लेम अडतो तेव्हा बऱ्याचदा शेड्यूलवरची (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावरची) एखादी तारीख, एखादं नाव किंवा पत्ता आडवा आलेला असतो. म्हणून उत्तरं त्याच क्रमानं दिली आहेत.

प्रश्न : माझी प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी (उपचारातल्या चुकीबद्दल पेशंटनं भरपाई मागितली तर ती देणारा विमा) २०१९ पासून एकाच कंपनीकडे आहे. कव्हर २५ लाखांचं. आता दुसरी कंपनी जवळपास त्याच हप्त्यात ५० लाख देते आहे. बदलू का? – एक दंतवैद्य, नाशिक

बदला, पण एका अटीवर. नव्या शेड्यूलवर 'रेट्रोॲक्टिव्ह डेट' असा रकाना असतो. तिथे तुमची २०१९ ची मूळ तारीख छापून आली पाहिजे. तिथे नव्या पॉलिसीच्या सुरुवातीचीच तारीख असेल, तर ५० लाखांचा आकडा पाहून सही करू नका.

कारण असं. डॉक्टरांच्या या पॉलिसी आपल्याकडे 'क्लेम्स मेड' पद्धतीनं चालतात. गाडीच्या विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती की नाही एवढंच पाहतात. इथे दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. उपचार रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरचा हवा, आणि पेशंटची मागणी पॉलिसी चालू असताना आलेली हवी.

समजा, ऑगस्ट २०२३ मध्ये तुम्ही खालच्या दाढेचं रूट कॅनल केलं आणि फाईलचं (मूळ साफ करायच्या बारीक सुईचं) टोक आत तुटून राहिलं. एप्रिल २०२५ मध्ये तुम्ही कंपनी बदललीत. मे महिन्यात पेशंटला दुसऱ्या डॉक्टरांच्या एक्स-रेमध्ये ते टोक दिसलं आणि तुम्हाला वकिलाची नोटीस आली. नवी कंपनी म्हणेल, उपचार आमच्या तारखेआधीचा. जुनी म्हणेल, मागणी आमची पॉलिसी संपल्यावर आली. सहा वर्षं न चुकता हप्ता भरूनही खर्च तुमच्या खिशातून जाईल.

'दोन वर्षं उलटली, आता कोण विचारतंय' यावरही विसंबू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ मध्ये तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण ती तक्रारीचं कारण घडल्यापासून. ते कारण उपचाराच्या दिवशी घडलं की फाईल तुटल्याचं कळलं त्या दिवशी, यावरच वाद होतो. शिवाय सबळ कारण असेल तर ग्राहक आयोग उशीर माफ करू शकतो.

बदलताना आधी २०१९ पासूनची सगळी शेड्यूल्स काढा. मधे एकाही दिवसाचा खंड नाही ना, हे तपासा. नूतनीकरण चार दिवस उशिरा झालं असेल तर मागची सगळी वर्षं गेली असण्याची शक्यता आहे. प्रपोजल फॉर्ममध्ये मूळ तारीख स्वतः लिहा आणि ती मान्य असल्याचं कंपनीकडून ई-मेलवर घ्या. एजंटचं तोंडी 'हो डॉक्टर, होऊन जाईल' क्लेमच्या वेळी उपयोगाचं नसतं. जुनी पॉलिसी संपण्याआधी आणखी एक काम उरतं. एखादा पेशंट नाराज होऊन गेला असेल, केसपेपरच्या प्रती मागून गेला असेल, पैसे परत मागत असेल, तर ती घटना जुन्या कंपनीला तिची मुदत संपायच्या आत लेखी कळवा. आधीच माहीत असलेली घटना नवी कंपनी घेत नाही.

हप्त्यांची तुलना जीएसटी धरून करा. या पॉलिसीवर १८ टक्के कर लागतो आणि दंतोपचार करमुक्त असल्यामुळे त्याचा परतावा तुम्हाला मिळत नाही. प्रॅक्टिस बंद करणार असाल किंवा परदेशी जाणार असाल, तर शेवटचा दात काढला त्या दिवशी पॉलिसी थांबवू नका. मागणी नंतर येते. 'एक्स्टेंडेड रिपोर्टिंग पीरियड' (पॉलिसी संपल्यावरही मागणी कळवण्याची वाढीव मुदत) किती मिळेल ते विचारा. मिळत नसेल तर निदान दोन-तीन वर्षं नूतनीकरण चालू ठेवा.

प्रश्न : एकट्याचा दवाखाना आहे. बहुतेक काम फिलिंग, रूट कॅनल, कॅप. महिन्याला चार-पाच इम्प्लांट. किती कव्हर घ्यावं? 'एकास चार' म्हणजे काय? – सातारा

आधी एक गैरसमज दूर करू. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख आहे म्हणून भरपाईही तेवढीच असते, असं अनेकांना वाटतं. ती मर्यादा पेशंटनं मोजलेल्या फीची आहे. दंतोपचाराची फी त्याच्या आत असल्यामुळे तक्रार जिल्हा आयोगात जाते, इतकाच तिचा अर्थ. भरपाई ठरते ती नुकसानीवर. अक्कलदाढ काढताना इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह (खालच्या जबड्यातली नस) दुखावून खालचा ओठ कायमचा बधिर राहिला, तर दुकानदाराचं नुकसान वेगळं आणि सनईवादकाचं वेगळं.

'एकास चार' हे एका क्लेमची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा यांचं प्रमाण आहे. वर्षाचं कव्हर ५० लाख आणि प्रमाण एकास चार असेल, तर एका प्रकरणात जास्तीत जास्त साडेबारा लाख. एकास एक असेल तर सगळे ५० लाख एकाच प्रकरणाला वापरता येतात. एकट्याच्या दवाखान्यात एका वर्षात चार मोठी प्रकरणं येण्यापेक्षा एकच मोठं येण्याची धास्ती जास्त. म्हणून तुम्हाला एकास एकच घ्या असं सांगू, हप्ता थोडा वाढला तरी. वकिलाचा खर्च बहुधा याच रकमेतून वजा होतो, तेही हिशेबात धरा.

त्याहून जास्त वेळ प्रपोजल फॉर्मला द्या. 'जनरल डेंटिस्ट्री' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. इम्प्लांट, साइनस लिफ्ट, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया, लहान मुलांना सिडेशन, भूलतज्ज्ञ बोलावून पूर्ण भूल देऊन केलेलं काम, यातलं जे करता ते नावानिशी लिहा. बोटॉक्स, फिलर किंवा निव्वळ सौंदर्यासाठी केलेलं काम बऱ्याच पॉलिसींत वगळलेलं असतं, तेव्हा तो परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचा. फीचा परतावा, दंड आणि नशेत केलेलं काम यांचे पैसे मिळत नाहीत. कॅप नीट बसली नाही म्हणून पेशंटनं १२ हजार परत मागितले, तर ते तुम्हालाच द्यायचे आहेत. पण हायपोक्लोराइट (रूट कॅनल धुवायचं द्रावण) मुळाच्या टोकापलीकडे जाऊन गाल सुजला, काळानिळा पडला, पेशंटला ॲडमिट करावं लागलं आणि निष्काळजीपणाचा दावा झाला, तर त्यासाठीच ही पॉलिसी आहे.

प्रश्न : माझ्याकडे एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनलचे तज्ज्ञ), ओरल सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे तज्ज्ञ) ठरलेल्या वारी येतात. त्यांच्या हातून काही झालं तर माझी पॉलिसी चालेल का? – पुणे

फक्त तुमच्या नावाची वैयक्तिक पॉलिसी असेल तर बहुधा नाही. ती तुमच्या हातच्या चुकीसाठी आहे. पेशंट मात्र तक्रारीत दोघांनाही घालतो. पावती तुमच्या दवाखान्याची, पाटी तुमची आणि सर्जनला बोलावलं तुम्ही, त्यामुळे दवाखान्यावरही जबाबदारी येऊ शकते. १९९५ च्या व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून हा रस्ता पेशंटला खुला आहे.

तुम्हाला दोन गोष्टी लागतील. पहिली, दवाखान्याच्या नावानं आस्थापनेची इंडेम्निटी, तीत येणाऱ्या कन्सल्टंटांची नावं. भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर त्या संस्थेचं नाव विमाधारक म्हणून आलंच पाहिजे. दुसरी, प्रत्येक कन्सल्टंटच्या स्वतःच्या पॉलिसीची प्रत. एका फाईलमध्ये पदवी, राज्य दंत परिषदेच्या नोंदणीची वैधता आणि पॉलिसी संपण्याची तारीख ठेवा आणि त्या तारखा कॅलेंडरवर टाका. नोंदणीची मुदत संपलेली असताना केलेलं काम कंपनीच्या हातात आयतं कारण देतं.

असिस्टंटचंही विचारा. 'अनक्वालिफाइड स्टाफ'ची जबाबदारी अनेक पॉलिसींत जादा हप्ता भरूनच मिळते. तरी कव्हर आहे म्हणून असिस्टंटनं स्केलिंग केलेलं चालतं असं नाही. जे काम कायद्यानं त्यानं करायचंच नाही, त्याला विमा संरक्षण देत नाही.

पुण्या-मुंबईत आणि गोव्यात आणखी एक प्रकार असतो. डिसेंबरात अमेरिकेहून घरी आलेली मंडळी तीन आठवड्यांत इम्प्लांट आणि कॅपा उरकून परत जातात. शेड्यूलवर 'ज्युरिस्डिक्शन : इंडिया' असेल, तर तिकडच्या न्यायालयातला दावा तुमच्या पॉलिसीत बसत नाही. असे पेशंट नेहमीचे असतील तर कंपनीशी आधी बोला. भारतातलेच न्यायालय लागू असल्याचं संमतिपत्रात लिहून घ्या, पण केवळ त्या ओळीवर निर्धास्त राहू नका.

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरात शेजारचे गाळे बुडाले, आम्ही थोडक्यात वाचलो. दवाखाना तळमजल्यावर, जागा भाड्याची, मशिनरी कर्जावर. बँकेनं काढलेला विमा आहे. पुरे का? – चिपळूण

बँकेची पॉलिसी आधी हातात घ्या. ती बहुधा कर्जाच्या रकमेपुरती, बँकेच्या नावाचा शेरा असलेली आणि कधी कधी फक्त पहिल्या वर्षाची असते. दोन वर्षांपूर्वीच संपलेली असूनही आपल्याला विमा आहे अशा समजात अनेक जण असतात. तुम्ही नंतर घेतलेली दुसरी खुर्ची, आरव्हीजी (दातांच्या डिजिटल एक्स-रेचा सेन्सर), ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र), केलेलं फर्निचर तीत नसणार.

एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे धोके तिच्यात आहेत. जागा भाड्याची असली तरी तुम्ही खर्च करून केलेलं फॉल्स सीलिंग, पार्टिशन, प्लंबिंग, वायरिंग तुमचं आहे. ते वेगळ्या ओळीत दाखवा. इमारतीचा विमा घरमालकाचा.

रक्कम घालताना जुन्या बिलाचा आकडा घालू नका. आज तीच खुर्ची बसवून चालू करायला किती लागेल तो आकडा घाला. समजा, सगळ्याची आजची किंमत २० लाख आणि विमा १२ लाखांचा. नुकसान ५ लाखांचं झालं. कंपनी १२ भागिले २० या प्रमाणात मोजते, हातात ३ लाख, त्यातून ठरलेला एक्सेस (आपण स्वतः सोसायची रक्कम) वजा. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे. ४० टक्क्यांची नाही. दर वर्षी नूतनीकरणाआधी एक कागद घेऊन दवाखान्यात फिरा. वस्तू, मॉडेल, सिरीअल नंबर, आजची किंमत लिहा, प्रत्येक नंबरच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा आणि ती यादी दवाखान्याबाहेर, ई-मेलमध्ये ठेवा. पुरात बिलंही भिजतात.

कॉम्प्रेसर कुठे आहे, हा प्रश्न प्रत्येक दंतवैद्यानं स्वतःला विचारावा. आवाज नको म्हणून तो आणि सक्शन मोटर जिन्याखाली, डक्टमध्ये नाहीतर मागच्या गल्लीतल्या पेटीत ठेवतात. पॉलिसीचा पत्ता मात्र 'गाळा क्रमांक अमुक' असतो. सर्व्हेअर (नुकसान पाहायला कंपनीनं पाठवलेला) म्हणतो, ही वस्तू विम्याच्या जागेत नव्हती. म्हणून त्या जागेचं वर्णन पॉलिसीत घालून घ्या. आणि जमत असेल तर कॉम्प्रेसर जमिनीवरून उचलून लोखंडी स्टँडवर घ्या. खुर्चीचं इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि ट्रान्सफॉर्मर तळाच्या पेटीत असतात, त्यामुळे दवाखान्यात वीतभर पाणी आलं तरी ते निकामी होऊ शकतात.

सूक्ष्म उद्यम पॉलिसीत उपकरणांतला अंतर्गत बिघाड येत नाही. आरव्हीजी, ओपीजी (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचं मशीन), स्कॅनर, संगणक यांना इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसी लागते. सेन्सर हातातून पडून फुटला तर ती विचारात घेईल. केबल रोज वाकून वाकून झिजली तर झीज म्हणून नाकारेल. वार्षिक देखभाल करार चालू असण्याची अट आहे का, ते पाहा. एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवरची नोंदही अद्ययावत ठेवा. घरफोडीच्या पॉलिसीत कुलूप तोडल्याची खूण लागते. ड्रॉवरमधून कर्मचाऱ्यानं हळूहळू नेलेले इम्प्लांट तीत बसत नाहीत, त्यासाठी फिडेलिटी गॅरंटी (कर्मचाऱ्याच्या अप्रामाणिकपणाचा विमा).

पाणी शिरलंच तर ते ओसरल्यावर खुर्ची 'चालते का बघू' म्हणून चालू करू नका. ओल्या कार्डात वीज गेली की ते जळतं आणि नुकसान पुराचं की तुमच्या घाईचं, हा वाद सुरू होतो. मेन स्विच बंद ठेवा, भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टी लावून फोटोत घ्या, कंपनीला त्याच दिवशी कळवा, वाचवता येईल ते वर उचला. खराब वस्तू सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भंगारात देऊ नका. रक्कम पटली नाही तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीही त्यांच्याकडे चालतात, ५० लाखांपर्यंत, फी न भरता. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत.

प्रश्न : रात्री खुर्चीची पाण्याची नळी निसटली आणि खालच्या कापड दुकानात पाणी गेलं. माझ्या फायर पॉलिसीत हे येतं का? – ठाणे

नाही. ती तुमच्या मालाची आहे. शेजाऱ्याच्या नुकसानीला पब्लिक लायबिलिटी पॉलिसी लागते, आणि पेशंट वेटिंग रूममध्ये ओल्या फरशीवर घसरला तरी तीच. तिसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान तीत स्पष्ट लिहिलेलं हवं. अनेक महिने मुरत गेलेली ओल सहसा वगळलेली असते. आणि रोज रात्री जाताना कॉम्प्रेसरबरोबर पाण्याची मुख्य तोटीही बंद करायची सवय स्टाफला लावा. दवाखाना बंद असताना पाण्याचा दाब वाढतो आणि जुनी पीयू नळी जोडातून सुटते.

प्रश्न : ग्राहक आयोगाची नोटीस आली आहे. कन्सेंट आहे, पण केसपेपरवर नोंदी त्रोटक आहेत. पहिल्यांदा काय करू? – कोल्हापूर

केसपेपरला हात लावू नका. आठवतंय ते आता भरून काढावं, असा मोह प्रत्येकाला होतो. शाईचा फरक, संगणकावरची बदलाची वेळ किंवा पेशंटनं आधीच नेलेली झेरॉक्स यातून ते उघड होतं, आणि मग चांगला उपचारही संशयास्पद ठरतो. कंपनीही त्याच मुद्द्यावर अंग काढून घेऊ शकते. आठवणीतला घटनाक्रम वेगळ्या कागदावर, आजची तारीख घालून, फक्त वकिलासाठी लिहा.

नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा आणि पाकीट जपा. कलम ३८ प्रमाणे लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस, आणि आयोगानं दिले तर आणखी १५. त्यापुढे एकही दिवस नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलं आहे. दिवस मोजायचे ते तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून. पाकिटात तक्रारीची प्रत नसेल तर ते ताबडतोब लेखी नोंदवा.

त्याच दिवशी कंपनीला ई-मेल करा, एजंटला फक्त प्रत पाठवा. सोबत नोटीस, तक्रार, पॉलिसी शेड्यूल, केसपेपर, एक्स-रे, संमतिपत्र आणि पावत्या जोडा. वकील कंपनीच्या पॅनेलचा की तुमचा, ते लेखी मंजूर करून घ्या. मंजुरीशिवाय दिलेली फी परत मिळेलच असं नाही. मूळ कागद दवाखान्यातच ठेवा, बाहेर जाईल ती प्रत.

पेशंटला फोन करून 'चूक झाली, खर्च देतो' असं सांगू नका, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य केली तर क्लेम नाकारता येतो, ही अट जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत आहे. याचा अर्थ पेशंटशी तुटक वागा असा नाही. त्याला अजून त्रास होत असेल तर तपासा, औषध द्या, हवं तर तज्ज्ञाकडे पाठवा आणि ते सगळं त्या दिवसाच्या तारखेनं लिहा.

त्रोटक नोंदींमुळे बाजू गेलीच असं समजू नका. एक्स-रेवरची तारीख, लॅबची चिठ्ठी, औषधांची पावती, अपॉइंटमेंटचे मेसेज, स्टरिलायझेशनची वही यांतून घटनाक्रम उभा राहतो. ते मेसेज फोन बदलण्याआधी आजच उतरवून ठेवा. आणि याआधी पेशंटच्या वकिलाचं साधं पत्र आलं होतं का, ते आठवून पाहा. ते पत्र हीच पहिली मागणी धरली जाते. ते मागच्या पॉलिसी वर्षात आलं असेल आणि तेव्हा कळवलं नसेल, तर कंपनीला ई-मेल पाठवण्याआधी ते पत्र वकिलाला दाखवा.